मोठ्या अक्षरांतला फलक

जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी स्कॉटलंडमधल्या एका केबिनमध्ये शेगडीमागचा बॉयलर फुटला आणि डॅनियल झिराडकर मरण पावला. शेगडी तिथल्या कीपरने पेटवली होती. केबिनच्या पाण्याची, उष्णतेची आणि खोल्यांची आखणी मी केली होती.

या अंकाच्या संपादकांनी मागितलं होतं ते वेगळं. इंग्लंडात आयुष्यभर नोकरी केली, तर तिथल्या कामाविषयी काही लिहा, विक्षिप्त गिऱ्हाईकं भेटली असतील, थंडीच्या गमती असतील, असं त्यांचं पत्र होतं. गिऱ्हाईकं भेटली आणि गमतीही झाल्या. पण कागद पुढे ओढला की मला पहिल्यांदा वर लिहिलेली तीन वाक्यंच सुचतात. ती लिहून झाल्याशिवाय बाकीचं लिहिता येत नाही, म्हणून ती आधी लिहिली.

माझा व्यवसाय सांगायला सोपा आहे. घर बांधणारा भिंती उभ्या करतो. त्या घरात गरम पाणी कुठून येईल, ते थंडीत गोठणार कसं नाही, खोली किती गरम राहील आणि त्यासाठी पाइप कुठून कुठे न्यायचे, हे ठरवून कागदावर काढायचं, ते आमचं काम. एखाद्या खोलीच्या भिंतींतून, काचांतून, दाराच्या फटींतून तासाला किती उष्णता बाहेर पळते याचा हिशेब करायचा आणि तेवढी आत आणायची सोय करायची. आमचं काम नीट झालं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पुण्याहून इंजिनिअर होऊन साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी लीड्सच्या एका सल्लागार ऑफिसात लागलो, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच होतो. ड्रॉइंग बोर्ड खिडकीजवळ होता, बाहेर काळवंडलेली दगडी गोदामं होती. मला ते काम आवडायचं. बोलावं कमी लागायचं, लिहावं पुष्कळ लागायचं. ड्रॉइंगच्या कडेला सूचना लिहायच्या असतात, त्या माझ्याइतक्या नीट ऑफिसात कोणी लिहीत नाही असं साहेब म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता. हे पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवतो.

डॅनियल माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो जमिनीखालून. एका शाळेचं काम चालू होतं. मी साइटवर पाहायला गेलो, तर फरशीखालच्या चरातून कोणीतरी शुद्ध मराठीत नकाशा काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतं. मी वाकून म्हटलं, "नकाशा मी काढलाय." मग धुळीने माखलेलं एक डोकं वर आलं.

"बरं झालं भेटलात," तो म्हणाला. "आता खाली या, मास्तर. तुमच्या कागदावर इथे पाइप आहे. देवाने इथे खांब ठेवलाय. कोणाचं ऐकू?"

तेव्हापासून मी त्याचा मास्तर आणि महिन्याभरात आम्ही अरे-तुरेवर आलो. तो बेने इस्राएल, अलिबागकडचा. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनिवारी बंद असे, म्हणून गावात त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईच्या गोदीत पाइप फिटिंग शिकून तो बायकोला घेऊन इकडे आला होता. लीड्समध्ये ज्यू लोक पुष्कळ, पण त्यांनी मराठी बोलणारा ज्यू पाहिला नव्हता. प्रार्थनामंदिरातल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं होतं, तू ज्यू व्हायला शिकलास कुठे? हा म्हणाला, अलिबागला. आमचे पूर्वज तिथे आले तेव्हा लीड्समध्ये फक्त मेंढ्या होत्या.

त्याचं काम माझ्या उलट. मी हिशेब करायचो, तो हात लावून पाहायचा. एका भाड्याच्या घराची मालकीण आमच्या ऑफिसात तक्रार घेऊन आली होती. तिचा एक भाडेकरू वारला होता आणि तेव्हापासून तो भिंतीत ठोकतो, असं तिचं म्हणणं. साहेबांनी मला पाठवलं. मी दोन दिवस सगळ्या पाइपांचे व्यास मोजून तीन पानांचा अहवाल लिहिला. डॅनियल आला, भिंतीला कान लावला, पाइपावरून तळहात फिरवला आणि वरच्या मजल्यावरचा एक क्लॅम्प घट्ट केला. आवाज थांबला. मालकीण थोडी खट्टू झाली. तिने भाडेकरूच्या नावाने मेणबत्ती लावायला सुरुवात केली होती.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला असे. रिबेकावहिनी दिवे लावायच्या, डॅनियल हिब्रूत प्रार्थना म्हणायचा, मग नारळाच्या रसातली मासळी आणि भात. मी लग्न केलेलं नव्हतं. माझं इंग्लंडातलं घर म्हणजे ते जेवणाचं टेबल होतं.

ती केबिन आमच्याकडे आली मिस्टर हॅल्स्टेडमुळे. ब्रॅडफर्डच्या बाजूला त्यांच्या लोकरीच्या गिरण्या होत्या आणि स्कॉटलंडच्या उत्तरेला त्यांनी डोंगरांचा एक पट्टा हरणांच्या शिकारीसाठी घेतला होता. जवळच्या रस्त्यापासून सहा मैल आत, ओढ्याकाठी, सहा पाहुण्यांसाठी केबिन बांधायची होती. वीज नाही, नळ नाही. त्यांच्या मागण्या त्यांनी स्वतः टाइप करून आणल्या होत्या. दिवसभर चिखलातून आलेल्या सहा जणांना एकामागून एक गरम आंघोळ मिळाली पाहिजे. टबात पडल्या पडल्या समोरचा डोंगर दिसला पाहिजे. आणि मोठ्या खोलीला छत नको. वरचे लाकडी वासे उघडे दिसले पाहिजेत, कारण त्यांवर शिंगं लावायची आहेत.

शिकारीच्या केबिनची आखणी इतर घरांहून अवघड असते, कारण तिथे एकाच छपराखाली दोन उलट्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. माणसांना ऊब हवी आणि मारलेल्या हरणाला थंडी. हरीण साफ करून काही दिवस टांगून ठेवतात. त्यासाठी उत्तरेच्या बाजूला एक खोली लागते, तिच्या भिंतींना झडपा असतात, त्यांतून वारा सतत वाहायला हवा. तिला लार्डर म्हणतात. दक्षिणेला शेगडी, उत्तरेला लार्डर, मध्ये आंघोळ आणि ओले कपडे वाळवायची खोली, असा मी क्रम लावला. कपड्यांच्या खोलीत गरम पाण्याचा सिलिंडर ठेवला, म्हणजे त्याच्याच उबेने कोट वाळतील. ओढ्याचं पाणी वरच्या अंगाला अडवून आपोआप टाकीत येईल असं केलं. टबाची खिडकी डोंगराकडे केली, त्यासाठी मी तिथे जमिनीवर आडवा पडून पाहिलं होतं. ती आखणी चांगली होती. आजही मला असंच वाटतं, एक गोष्ट सोडून.

शेगडीच्या पाठीमागे लोखंडाची एक बंद पेटी असते, तोच बॉयलर. शेगडी पेटली की त्यातलं पाणी तापतं. तापलेलं पाणी फुगतं, वाफ होते, तिला सुटायला वाट लागते. म्हणून बॉयलरपासून एक पाइप वर टाकीपर्यंत नेऊन उघडा सोडतात. तो उघडा आहे तोवर काही भीती नाही. तो गोठला, आणि टाकीतून खाली येणारा पाइपही गोठला, तर बॉयलर म्हणजे बूच मारलेली बाटली. खाली विस्तव लावला की तो फुटणारच.

टाकीची योग्य जागा शेगडीच्या वर, उबेत. पण मोठ्या खोलीला छत नको होतं, तर टाकी ठेवायची कुठे? मी दोन आराखडे केले. पहिल्यात शेगडीच्या वर थोड्या भागाला छत धरून टाकी तिथे लपवली होती. मिस्टर हॅल्स्टेडनी तो बाजूला सरकवला. त्यांच्या सगळ्यात मोठ्या शिंगांची जागा नेमकी तिथे होती. दुसऱ्यात टाकी लार्डरच्या माळ्यावर होती. घरातली सगळ्यात थंड जागा, आणि थंड राहावी म्हणूनच बांधलेली. पाइपांना जाड आवरण घातलं आणि दाब वाढला की आपोआप उघडणारा एक सेफ्टी व्हॉल्व्हही दिला, पण तो सहज हाताशी यावा म्हणून लार्डरमध्येच, म्हणजे तोही गोठू शकेल अशा जागी. आणि नियम ठरवला, की हिवाळ्यात केबिन सोडताना सगळं पाणी काढून टाकायचं, आणि परत आल्यावर पाणी भरून वाहतं झाल्याशिवाय शेगडी लावायची नाही. हा नियम पाळला तर काही होणार नव्हतं. मी नियमावर विसंबलो.

कीपर म्हणजे रानाची राखण करणारा माणूस. तिथल्या कीपरचं नाव मॅकलाउड. पन्नाशीचा, हडकुळा, बहिणीबरोबर मालकाने दिलेल्या घरात राहायचा. परांजपे हे नाव त्याला जमेना, म्हणून तो मला मिस्टर पी म्हणे. पाया खणत असताना मी त्याला माझी योजना समजावून सांगितली, शेगडीशेजारी सूचनांचा फलक लावणार आहे तेही सांगितलं. त्याने तंबाखूचा पाइप तोंडातून काढला. मग म्हणाला, "मिस्टर पी, इथे आधी आग."

मी विचारलं, म्हणजे काय. त्याने सांगितलं ते असं. या डोंगरांत केबिन सोडून जाणारा माणूस शेगडीत लाकडं रचून, खाली काटक्या घालून, वर काडेपेटी ठेवून जातो. मागून येणारा कदाचित भिजलेला असेल, बोटं आखडलेली असतील. त्याला नुसती काडी ओढता आली पाहिजे. त्याच्या बापाच्या वेळेपासून असंच आहे. एका माणसाचा जीव त्यामुळे वाचलेला त्याने स्वतः पाहिला होता.

"आत आलेला माणूस हातमोजेसुद्धा काढत नाही," तो म्हणाला. "आधी काडी ओढतो. तुमचा फलक चांगला असेल. पण गारठलेला माणूस वाचत नाही."

मी त्याचे आभार मानले आणि वहीत लिहून घेतलं. साइटवर गेलो की मी सगळं वहीत लिहायचो. ते पान असं आहे: 'कीपर म्हणतो, इथे आधी आग. फलक वाचणार नाहीत.' आणि त्याखाली माझ्याच अक्षरात: 'फलक मोठ्या अक्षरांत करणे.'

माणूस म्हणतो की इथे कोणी वाचणार नाही आणि मला त्यावर उपाय सुचतो तो अक्षरं मोठी करण्याचा. माझं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं होतं. वाक्य पुरेसं स्पष्ट असेल तर माणूस ते वाचेल आणि वाचलं की तसं वागेल, याविषयी मला शंका नव्हती. त्या फलकाचा मजकूर मी तीन संध्याकाळी घालवून लिहिला. सात वाक्यं होती. एकही शब्द जास्त नव्हता. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात पेंटरकडून लिहून घेतला. केबिनचे पाइप आणि बॉयलर डॅनियलनेच बसवले होते; फलक बसवताना त्याने तो दूर धरून पाहिला आणि म्हणाला, "मोशेने देवाच्या आज्ञा दहाच आणल्या होत्या, त्यासुद्धा कोणी पाळल्या नाहीत. तू सातच दिल्यास, त्यातल्या त्यात बरं."

पहिला हिवाळा सुरळीत गेला. सहा जणांना सहा आंघोळी मिळाल्या. मिस्टर हॅल्स्टेडनी टबातून दिसणाऱ्या डोंगराविषयी ऑफिसला पत्र लिहिलं, ते साहेबांनी भिंतीवर लावलं.

दुसऱ्या हिवाळ्यात नव्या वर्षासाठी आलेले पाहुणे बर्फ वाढतंय म्हणून घाईने निघाले. शेगडी त्यांनी रीतीप्रमाणे रचून ठेवली. पाणी काढलं नाही. आठ-दहा दिवसांनी मिस्टर हॅल्स्टेडचा फोन आला, की नळाला पाणी येत नाही असं मॅकलाउड कळवतो आणि शनिवारी दुसरे पाहुणे यायचे आहेत. खरं म्हणजे जायला मी हवा होतो. पण एका शाळेची ड्रॉइंग त्या आठवड्यात द्यायची होती. मी डॅनियलला त्याच्या फिटिंगच्या दुकानावर जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मी बसवलंय, मीच पाहतो. तू येऊन काय करणार, फलक वाचणार?"

हे त्याचं माझ्याशी शेवटचं वाक्य. मी हसलो होतो.

मॅकलाउडला मी फोन केला तो गाडीची वेळ सांगायला. शेगडी लावू नका, एवढे तीन शब्द मी त्याला सांगितले नाहीत. ते फलकावर होते.

पुढचं मॅकलाउडने कोर्टात सांगितलं, म्हणून मला माहीत आहे. त्याने डॅनियलला स्टेशनवरून जीपने आणलं. वाटेत जीपचा हीटर बंद पडला होता. केबिनच्या मागच्या बाजूला, लार्डरच्या दाराशी त्याने डॅनियलला उतरवलं, कारण माळ्याची शिडी तिथे होती. तो स्वतः पुढच्या दाराने आत गेला. पाहुणा गारठलेला होता. मॅकलाउडने काडी ओढली. मग चहासाठी पाणी हवं, नळ बंद, म्हणून बादली घेऊन ओढ्यावर गेला. ओढ्यावर बर्फ फोडायला वेळ लागला. डॅनियल तेवढा वेळ माळ्यावर दिव्याच्या उजेडात पाइपांचं आवरण सोडवत होता. पाइप गोठलेला आहे हे त्याला दिसलं असणार. मग केव्हातरी त्याने हात लावलेला पाइप थरथरला असेल, किंवा बॉयलरची ठकठक त्याला ऐकू आली असेल. त्याला हाताने कळायचं, हे मी सांगितलंच.

मॅकलाउड बादली घेऊन चढ चढत होता, तेव्हा त्याने डॅनियलला लार्डरमधून बाहेर येऊन घराला वळसा घालून पुढच्या दाराकडे धावताना पाहिलं. डॅनियल त्याच्या नावाने हाका मारत होता. आग लावलेला माणूस आगीपाशीच असणार, असं त्याला वाटलं असेल. तो आत शिरला आणि बॉयलर फुटला.

त्याला लीड्सला आणून पुरलं. त्यांच्यातल्या सुतकाच्या रीतीने सात दिवस वहिनी जमिनीलगतच्या स्टुलावर बसून होत्या, आरशांवर चादरी टाकल्या होत्या. मी रोज ऑफिसनंतर जाऊन बसत असे. पाचव्या दिवशी दार वाजलं. बाहेर मॅकलाउड उभा होता. अंगात लग्नाला घालतात तसला जुना सूट, हातात डॅनियलची हत्यारांची पिशवी. त्याने प्रत्येक पाना घासून, तेल लावून आणला होता. तो काहीतरी बोलू लागला. वहिनी उठल्या, पिशवी घेतली आणि दार लावलं. त्यांनी एवढंच म्हटलं, मराठीत, त्याला कळणार नाही असं: "ह्याचं तोंड मला दिसायला नको."

मी आत खुर्चीवर होतो. तो किती वेळ बाहेर उभा राहिला मला सांगता येणार नाही, पण त्याची पावलं निघायला उशीर झाला. मी उठलो असतो तर दोन पावलांवर दार होतं.

एप्रिलमध्ये तिकडच्या कोर्टात शेरीफपुढे मृत्यूची चौकशी झाली. शेरीफ म्हणजे तिथला न्यायाधीश. मला तीनच प्रश्न विचारले. आराखडा तुमचा का? हो. फलकाचा मजकूर तुमचा का? हो. त्याप्रमाणे वागलं असतं तर हा अपघात झाला असता का? नसता. फलक कोर्टात आणला होता. एक कोपरा जळाला होता, अक्षरं शाबूत होती. शेरीफनी तो मोठ्याने वाचला. सूचना याहून स्पष्ट लिहिणं अवघड आहे, असं ते म्हणाले आणि ते निकालात नोंदलं गेलं. माझ्या लिखाणाचं कोणी केलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक.

मॅकलाउडला त्यांनी विचारलं, फलक वाचला होता का? "वाचला होता, सर. बसवला त्या दिवशी." मग आग का लावली?

"पाहुणा थंडीतून आला होता, सर," तो म्हणाला.

त्यापुढे तो काही बोलला नाही. 'मी मिस्टर पीला आधीच सांगितलं होतं', हे एक वाक्य त्याला पुरलं असतं. ते त्याला आठवत नव्हतं की सांगायचं नव्हतं, मला कळलं नाही. माझी वही माझ्या बॅगेत होती, बॅग माझ्या पायाशी होती. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलेल्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं होतं. सुशिक्षित माणूस अशा वेळी असाच विचार करतो.

बाहेर पायऱ्यांवर तो माझ्याजवळ आला. "मिस्टर पी," तो म्हणाला, "आग मी लावली. तुम्ही त्याचं मनाला लावून घेऊ नका." मी त्याला म्हटलं, प्रवास नीट करा.

निकालात दोष त्याच्याकडे गेला. शिक्षा नव्हती, पण मिस्टर हॅल्स्टेडनी त्याला काढून टाकलं आणि घर नोकरीबरोबर होतं, ते गेलं. किनाऱ्यावरच्या एका गावात तो बहिणीबरोबर राहायला गेला, मासळीच्या शेडमध्ये काम करतो, असं कळलं. दर जानेवारीत वहिनींना त्याचं पत्र यायचं. वहिनी ते न उघडता पाकिटावर रेघ मारून परत पोस्टात टाकायच्या. पाकीट मी हॉलमधल्या मेजावर पाहायचो. कारण मी अजून दर शुक्रवारी तिथे जेवत होतो. वहिनी दिवे लावायच्या, त्यांची मुलगी प्रार्थना म्हणायची आणि वहिनी मला आधी वाढायच्या. "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून," असं त्या लोकांना सांगायच्या.

सातएक वर्षं अशी गेली. या काळात मी पुष्कळ कामं केली, त्यातली काही चांगली होती. प्रत्येक बॉयलरवरचा व्हॉल्व्ह मी उबेत ठेवला. फलक पुन्हा लिहिला नाही. जिथे माणूस चुकू शकेल तिथे चूक अशक्य करून ठेवायची, वाक्यावर काही सोडायचं नाही, हे मी ऑफिसातल्या नव्या लोकांना शिकवलं. ते मला फार सावध इंजिनिअर समजायचे. मी हे कुठे शिकलो ते मी त्यांना सांगितलं नाही.

मग एका फेब्रुवारीत जेवण झाल्यावर वहिनी बशा आवरताना म्हणाल्या, "ह्या वर्षी त्याचं पत्र आलं नाही. मेला असेल. बरं झालं."

वहिनी कोणाविषयी असं बोलणाऱ्या नव्हत्या. ते शब्द मी त्यांच्या तोंडात घातले होते, रोज थोडे थोडे, गप्प बसून. मी बसल्या जागी सगळं सांगितलं. पायाचा खड्डा, त्याचं बोलणं, वही, कोर्ट. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. सात वर्षं मला ते फार मोठं वाटत होतं.

त्यांनी बशा खाली ठेवल्या. "वही आहे अजून?"

मी म्हटलं, घरी आहे.

"घेऊन या."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी वही घेऊन गेलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. दारातच उभ्या राहून त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या.

"अक्षर छान आहे तुमचं," त्या म्हणाल्या.

मग, माझ्याकडे न पाहता: "त्या माणसाला मी दारात उभं केलं नाही, भाऊजी. तो माझ्या नवऱ्याची हत्यारं पुसून घेऊन आला होता. आणि तुम्ही आत बसला होतात. माझ्या हातचं जेवत होतात."



त्यांनी वही परत दिली आणि दार लावलं. त्याच आठवड्यात त्यांनी मॅकलाउडच्या पत्त्यावर पत्र पाठवलं, हे मला त्यांच्या मुलीकडून कळलं. उत्तर त्याच्या बहिणीचं आलं. तो नोव्हेंबरात गेला होता, छातीच्या विकाराने. परत आलेली सगळी पाकिटं त्याने ठेवली होती. बहिणीने ती वहिनींना पाठवून दिली. त्यांनी ती उघडली का, आणि आत काय होतं, हे मला माहीत नाही. विचारायचा अधिकार मला नव्हता. उन्हाळ्यात त्या एकट्याच दोन गाड्या बदलून त्या गावाला जाऊन आल्या आणि त्याच्या थडग्यावर, ज्यू लोक ठेवतात तसा, एक दगड ठेवून आल्या.

मला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. मी दोनदा त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो होतो. नंतर त्या घर विकून लंडनला मुलीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. मला ते चार महिन्यांनी दुसऱ्याच कोणाकडून समजलं.

हे मी आता लिहितो आहे, कारण निकालपत्रात जे नोंदलं आहे ते पुरं नाही आणि पुरं सांगू शकेल असं दुसरं कोणी उरलेलं नाही. याने कोणाचं काही परत मिळत नाही, मॅकलाउडचं घर नाही, वहिनींची ती सात वर्षं नाहीत. लिहिल्याने काही होतं असं मी पूर्वी मानत होतो, आता मानत नाही. तरी एवढं नावानिशी कुठेतरी असावं: आग लावण्याआधीच त्याने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही.

डॅनियल नाही. मॅकलाउड नाही. वहिनी नाहीत. केबिन उभी आहे, तिथे आता वीज आहे. मी लीड्समध्ये राहतो.